गोचीडताप येण्याआधी: पहिल्यांदा संकरित गाय घेणाऱ्यांसाठी

गाय बघायला गेलेला माणूस कास बघतो, सड दाबून बघतो, वेत कितवं ते विचारतो, दोन वेळचं दूध समोर काढून घेतो. कानाच्या आत, शेपटीच्या बुडाशी आणि कासेच्या मागच्या घडीत मात्र फारसं कुणी बघत नाही. बघितलंच आणि चार गोचिडी दिसल्या, तर "जनावर म्हटलं की गोचीड असायचीच" असं म्हणून विषय मिटतो. खिलार, डांगी, देवणी अशा देशी जनावरांच्या गोठ्यात हे वाक्य खपून जायचं. एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) किंवा जर्सी या विदेशी जातींचं रक्त असलेल्या गायीच्या अंगावर त्याच चार गोचिडी तिच्या जिवावर बेतू शकतात.

गोचीड रक्त पिते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण गाय दगावते ती पिऊन गेलेल्या रक्तामुळे क्वचितच. ती दगावते गोचिडीच्या लाळेतून आत आलेल्या एकपेशीय परोपजीवींमुळे. आपल्याकडे त्यातले मुख्य दोन, थायलेरिया आणि बबेसिया. गोचीड चिकटली त्या क्षणीच हे परोपजीवी गायीत उतरतात असा समज आहे, तो चुकीचा आहे. त्यांना गोचिडीच्या आत तयार व्हायला काही दिवस लागतात आणि तेवढे दिवस तुमच्या हातात असतात. गोचीडतापाविरुद्धची बहुतेक कामं त्या दिवसांत उरकता येतात. म्हणून आधी गोचीड समजून घेऊ, मग कामांकडे वळू.

आधी दोन गोचिडी वेगळ्या ओळखा

अंगावरच्या सगळ्या गोचिडी एकाच जातीच्या नसतात. महाराष्ट्रातल्या गोठ्यात मुख्यतः दोन भेटतात आणि दोघींचं वागणं अगदी वेगळं आहे.

पहिली हायलोमा. अंगाने गडद तपकिरी, तोंडाचा भाग लांब, पायांवर फिकट पट्टे, चालायला चपळ. तिच्या आवडत्या जागा म्हणजे कास, जांघ, शेपटीखालचा भाग. ही गोठ्यातली गोचीड आहे. पोट भरलं की गळून पडते आणि भिंतीच्या फटीत, गव्हाणीच्या खाली, दगडांच्या सांध्यात शिरते. तिथेच कात टाकते, तिथेच अंडी घालते. थायलेरिया पसरवते ती हीच.

दुसरी ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस, जुन्या पुस्तकांत हिलाच बूफिलस म्हटलेलं आढळेल. तोंड आखूड, पाय फिकट, आणि पोट भरलेली मादी राखाडी-निळसर, एरंडीच्या बीएवढी. ही एकदा पिलू म्हणून गायीवर चढली की साधारण तीन आठवडे तिथेच राहते. कात टाकते, वाढते, नराशी संग करते, सगळं त्याच गायीवर. शेवटी फुगलेली मादी जमिनीवर पडते, गवताच्या मुळाशी किंवा मातीत दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. बबेसिया पसरवते ती ही.

नुकतं अंड्यातून निघालेलं पिलू राईच्या दाण्यापेक्षाही लहान असतं आणि त्याला सहाच पाय असतात. पहिल्यांदा कात टाकल्यावर आठ होतात. गायीच्या कानात बारीक तपकिरी रवा सांडल्यागत दिसलं तर ती धूळ आहे असं समजून सोडू नका. बोट फिरवा, हलते का बघा.

हे ओळखायला सूक्ष्मदर्शक लागत नाही, सवय लागते. पहिल्या काही वेळा पाच-सहा गोचिडी छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये टाकून पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. तुमच्या गोठ्यात कुठली जात जास्त आहे हे एकदा कळलं की फवारणी अंगावर जास्त करायची की भिंतीवर, याचं उत्तर आपोआप मिळतं.

चिकटल्यानंतर काय होतं

डास टोचतो आणि उडून जातो. गोचीड मुक्कामाला येते. ती कातडीला चीर देते, उलट्या दातांची सोंड आत रुतवते आणि भोवती सिमेंटसारखा घट्ट होणारा पदार्थ सोडून स्वतःला पक्कं बसवून घेते. लाळेत रक्त गोठू न देणारे पदार्थ असतात, दुखणं आणि खाज दाबणारे असतात, त्या जागेची प्रतिकारशक्ती ढिली पाडणारेही असतात. म्हणून माशी बसली की शेपूट हाणणारी गाय गोचीड रुतली तरी निवांत रवंथ करत असते.

पहिले काही दिवस ती हळूहळू पिते. शेवटच्या दिवस-दीड दिवसात झपाट्याने फुगते आणि मादीचं वजन मूळच्या शंभरपटीवर जातं. एवढं रक्त त्या इवल्या पोटात मावावं म्हणून ती एक युक्ती करते. रक्तातला घट्ट भाग ठेवून घेते आणि जास्तीचं पाणी लाळेवाटे पुन्हा गायीतच सोडते. पिणं आणि परत सोडणं, दोन्ही एकाच तोंडाने, आलटून पालटून, दिवसचे दिवस. परोपजीवींनी नेमकी हीच वाट धरली आहे.

आता थायलेरिया ॲन्युलाटाचं बघू, कारण संकरित गायींना सगळ्यात जास्त फटका याचाच बसतो. लहान गोचीड आजारी किंवा बरी झालेल्या गायीचं रक्त पिते तेव्हा तांबड्या पेशींत बसलेला परोपजीवी तिच्या पोटात जातो. तिथे त्याचे नर-मादी घटक एकत्र येतात. गोचीड गळून पडते, फटीत जाऊन कात टाकते आणि या काळात परोपजीवी आतड्यातून निघून तिच्या लाळग्रंथीत जाऊन बसतो. तिथे तो थांबतो. गोचीड दुसऱ्या गायीला चिकटली आणि ताजं रक्त मिळू लागलं की मगच तो जागा होतो, वाढतो आणि लाळग्रंथीच्या एकेका पेशीत हजारोंच्या संख्येने संसर्गक्षम रूपं तयार करतो. याला साधारण दोन ते चार दिवस जातात. त्यानंतरची लाळ धोक्याची.

म्हणजे आज सकाळी चिकटलेली हायलोमा आज संध्याकाळी काढली, तर तिच्यात थायलेरिया असूनही गाय बहुतेक वेळा वाचते. तीच गोचीड चौथ्या दिवशी काढली, तर काढल्याचं समाधान तेवढं मिळतं.

थायलेरियाचा आणखी एक गुण लक्षात ठेवा. तो गोचिडीच्या अंड्यांत उतरत नाही. हायलोमाचं नुकतं जन्मलेलं पिलू थायलेरियापुरतं स्वच्छ असतं. तुमच्या गोठ्यातल्या एखाद्या बाधित गायीचं रक्त पिऊन, कात टाकून पुढच्या अवस्थेत गेल्यावरच ते रोग पसरवू लागतं.

बबेसिया बायजेमिनाचं उलट आहे. फुगलेल्या मादीने तो रक्तातून घेतला की तो तिच्या अंडाशयात जातो, तिथून अंड्यांत, आणि अंड्यांतून निघालेली पिलं तो जन्मापासूनच घेऊन येतात. त्यांनी आयुष्यात एकही आजारी गाय बघितलेली नसते. ही पिलं गायीवर चढतात, एकदा कात टाकतात आणि त्यानंतरच्या अवस्थेत बबेसिया गायीत सोडतात, म्हणजे चढल्यापासून साधारण आठवडाभराने. एक आजारी गाय विकून टाकली तरी तिच्या अंगावरून पडलेल्या मादीची पिल्लावळ कुरणात वाट बघत असते, हे म्हणूनच.

रोजचं काम: हात फिरवणं

गोठ्यात हातपाय धुऊन धार काढायला बसता, तेव्हा धारेनंतरची पाच मिनिटं या कामाला द्या. नजरेने बघून भागत नाही. काळ्या-पांढऱ्या एचएफच्या काळ्या पट्ट्यात गोचीड दिसतच नाही, हाताला लागते. क्रम ठरवून टाका म्हणजे कुठली जागा सुटत नाही: दोन्ही कान आतून-बाहेरून, गळ्याखालची पोळी, पुढच्या पायांची काख, कास आणि कासेमागची घडी, जांघ, शेपूट उचलून खालचा भाग. वासरांच्या पापण्यांच्या कडाही बघा.

गोचीड सापडली की बारीक टोकाचा चिमटा कातडीला टेकवून तिला तोंडाजवळ धरा आणि सरळ, सावकाश ओढा. पिळू नका, झटका देऊ नका. तोंडाचा तुकडा आत राहिला तर टोकरत बसू नका, आयोडीन लावा, चार दिवसांत जागा बरी होते. काही लोक आधी तेल, रॉकेल किंवा जळकं ऑइल लावून गोचीड गुदमरायची वाट बघतात. त्यात वेळ जातो, आणि आपल्याला वाचवायचाय तो वेळच. वर जळकं ऑइल कातडी सोलून काढतं.

काढलेली गोचीड जमिनीवर टाकू नका, फुगलेली मादी तिथेच अंडी घालेल. झाकणाच्या बाटलीत थोडं स्पिरिट किंवा डिझेल ठेवा आणि त्यात टाका.

आणि कळकळीची विनंती, नखावर नख ठेवून ती फोडू नका. गावागावात ही सवय आहे, पोरंसुद्धा करतात. हायलोमा गोचीड क्रायमियन-काँगो रक्तस्रावी तापाचा विषाणू बाळगू शकते. २०११ साली गुजरातमध्ये या तापाचे माणसांतले रुग्ण आढळले आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने ते निश्चित केले. जनावराला त्या विषाणूने काही होत नाही, त्यामुळे गायीकडे बघून कळायचा प्रश्नच नाही. माणसाला मात्र तो चिकटलेल्या गोचिडीतून होतो आणि फुटलेल्या गोचिडीच्या रक्तातूनही होतो. हातमोजे घाला, नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवा, काम झालं की साबणाने हात धुवा.

सिंधुदुर्गात किंवा गोव्याच्या सत्तरीत काजूच्या बागेला आणि जंगलाला लागून गोठा असेल तर माकडतापाचं, म्हणजे गोचिडीतून माणसाला होणाऱ्या विषाणूजन्य तापाचं, भान ठेवावं लागतं. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा विषाणू आता आपल्याकडेही आहे. त्याची गोचीड तिसरीच, जंगलातली. चरून आलेल्या गायीच्या अंगावरून ती घराजवळ येते. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

भिंत आधी, गाय नंतर

नव्याने गोठा करणारे सगळे औषध गायीवर मारतात आणि पंधरा दिवसांनी "औषधच बोगस" म्हणतात. कुठल्याही वेळी मोजलं तर गोचिडींच्या एकूण संख्येतला मोठा हिस्सा गायीवर नसतोच. तो फटीत, गवतात, शेणाच्या ढिगाखाली अंड्यांच्या आणि पिलांच्या रूपात असतो. हायलोमा असलेल्या गोठ्यात तर भिंत हाच मुख्य शत्रू.

म्हणून पहिलं काम गवंड्याचं. भिंतीच्या, गव्हाणीच्या, खांबाच्या बुडाच्या फटी सिमेंटने बुजवा. दगड-मातीची भिंत असेल तर निदान गायीच्या खांद्याच्या उंचीपर्यंत गिलावा करून घ्या. त्यावर चुन्याचे हात द्या. फटी बुजवायच्या आधी फ्लेम गन फिरवली तर आतली अंडी-पिलं जळून जातात. मात्र गोठा रिकामा, चारा-कडबा लांब आणि पाण्याची बादली शेजारी, एवढं झाल्याशिवाय ती पेटवू नका. गोठ्याभोवती हातभर वाढलेलं गवत काढा. शेण रोज लांब उकिरड्यावर न्या. कोंबड्या गोठ्यात मोकळ्या फिरत असतील तर त्यांना हाकलू नका, त्या गोचिडी टिपतात.

मग औषध. आपल्याकडे डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, अमिट्राझ आणि पाठीवर ओतायचं फ्लुमेथ्रिन ही नावं दुकानात ऐकू येतील. पाण्यात किती मिसळायचं ते बाटलीवर लिहिलेलं असतं, तेवढंच मिसळा. जास्त टाकलं तर गायीला विषबाधा, कमी टाकलं तर गोचीड मरत नाही, उलट त्या औषधाला सरावते. एकच औषध वर्षानुवर्षं वापरलेल्या भागात त्याला न जुमानणाऱ्या गोचिडी तयार झाल्या आहेत. तुमच्याकडे काय चालत नाही हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि डॉक्टरांना विचारून घ्या.

फवारणी सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. आधी गायीला पोटभर पाणी पाजा, म्हणजे अंग चाटत बसणार नाही. गव्हाणीतला चारा आणि पाण्याची टाकी झाका. कास आणि सड दुसऱ्या धारेआधी स्वच्छ धुवा. अंग वरवर शिंपडून उपयोग नाही. केसांच्या उलट दिशेने, पोटाखाली, जांघेत, कानामागे, कातडी भिजेपर्यंत फवारा. जखमेवर नको. लहान वासरांना आणि आजारी जनावराला डॉक्टरांना विचारूनच. त्याच दिवशी भिंती आणि जमीनही फवारा, नाहीतर गायीवरच्या मरतील आणि फटीतल्या रात्री चढतील. एका फवारणीत अंडी मरत नाहीत, म्हणून पंधरा ते एकवीस दिवसांनी दुसरी करावीच लागते. तोपर्यंत आधीच्या अंड्यांतून पिलं निघालेली असतात, पण नव्या माद्या अंड्यावर आलेल्या नसतात. उरलेलं औषध विहिरीत, ओढ्यात, शेततळ्यात जाऊ देऊ नका. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन माशांना फार घातक आहेत. घरी घोडा असेल तर अमिट्राझ त्याच्याजवळही नको.

आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन सोपं म्हणून बरेच जण दुभत्या गायीला देतात. ते दुधात उतरतं. दुभत्या गायीला देऊ नका.

नवी गाय: तीन आठवडे वेगळं दावं

गाडीतून उतरल्या उतरल्या गाय इतरांच्या शेजारी बांधायची घाई होते, जागा तेवढीच असते. पण दोन्ही बाजूंनी धोका आहे. नवी गाय रोग घेऊन येऊ शकते, आणि स्वच्छ गोठ्यात वाढलेली नवी गाय तुमच्या गोठ्यातल्या गोचिडींना बळी पडू शकते.

दिसायला ठणठणीत जनावर रोग वाहून आणतं, ही गोष्ट अमेरिकेतल्या गुराख्यांनी फार महागात शिकली. एकोणिसाव्या शतकात टेक्सासची धडधाकट गुरं उत्तरेकडे हाकत नेली की वाटेवरची उत्तरेची गुरं लाल लघवी करत मरायची, टेक्सासच्या गुरांना काहीच व्हायचं नाही. थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी १८९३ साली सिद्ध केलं की हे काम गोचिडीचं आहे. त्यांनी प्रयोगशाळेत अंड्यांतून काढलेली पिलं निरोगी गायींवर सोडली आणि त्या आजारी पडल्या. गोचीड, कीटक अशा संधिपाद प्राण्यातून सस्तन प्राण्यात रोग पसरतो याचा तो पहिला पक्का पुरावा. बबेसियाचाच तो रोग. अमेरिकेने १९०६ साली गुरांना औषधाच्या हौदातून बुडवून काढायची मोहीम सुरू केली आणि १९४३ पर्यंत मेक्सिकोच्या हद्दीलगतचा पट्टा सोडून देश त्या गोचिडीपासून मुक्त केला.

तुम्ही एवढंच करा. सौदा ठरण्याआधी गायीच्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन दवाखान्यात तपासून घ्या. गाय गाडीत चढायच्या आधी फवारून घ्या. आणल्यावर किमान एकवीस दिवस वेगळी बांधा, कारण थायलेरियाची लक्षणं दिसायला एक ते तीन आठवडे लागतात. या काळात तिचा ताप रोज मोजा.

थर्मामीटर आणि खांद्यापुढची गाठ

गोठ्यात एक थर्मामीटर दोरी बांधून टांगलेला असावा. धुऊन, थोडं तेल लावून गुदद्वारात घाला, आतल्या कडेला टेकलेला राहू द्या, दोन मिनिटं थांबा. गायीचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. थायलेरियात ते १०४ ते १०७ पर्यंत चढतं आणि अनेकदा दुधात घट होण्याच्याही आधी चढतं. सकाळच्या धारेआधी मोजायची सवय ठेवा. दुपारच्या उन्हात मोजलेला आकडा फसवतो.

मग गाठ. लाळेतून आत गेलेला थायलेरिया आधी तांबड्या नव्हे, पांढऱ्या पेशींत घुसतो. तिथे तो पेशी मारत नाही, तिला वेड्यासारखी वाढायला लावतो. पेशीची दोन शकलं झाली की परोपजीवीचीही दोन होतात, म्हणजे बाधित पेशींचं पीकच फोफावतं. जवळजवळ कॅन्सरचीच चाल ही. चावलेल्या जागेजवळची लसिका गाठ त्यामुळे सगळ्यात आधी सुजते. कानात गोचीड असेल तर कानाखालची, पुढच्या अंगाला असेल तर खांद्यापुढची, जांघेकडे असेल तर मांडीपुढची.

खांद्यापुढची गाठ शोधायला गायीच्या बाजूला उभे राहा, चारही बोटं खांद्याच्या सांध्याच्या पुढे, मानेच्या मुळाशी आत दाबा आणि मागे-पुढे सरकवा. निरोगी गायीत ती बोटाखाली चपटी, निसटती लागते. सुजली की लिंबाएवढी, कधी मूठभर होते आणि न दाबताही दिसते. निरोगी असतानाच आपल्या प्रत्येक गायीची गाठ हाताने ओळखून ठेवा. मूळची केवढी होती हे माहीत नसेल तर सूज कळणार कशी?

२०२२ च्या लंपीच्या साथीनंतर गाठ म्हटलं की सगळे लंपीच म्हणतात. लंपीचे गोळे कातडीतच, अंगभर विखुरलेले असतात. थायलेरियात कातडी वरून साफ असते आणि गाठ तिच्या खाली, ठरावीक जागी असते.

पुढची लक्षणं पटापट येतात: डोळ्यांतून पाणी, नाकातून स्राव, धाप, चारा सोडणं, दूध एकदम खाली. पापणी उलटून बघितली तर आतला भाग गुलाबी असायचा तो फिका, मग पिवळसर, कधी त्यावर रक्ताचे बारीक ठिपके. इथवर पोचलेली गाय वाचवणं अवघड असतं.

बबेसिया थेट तांबड्या पेशींत घुसतो आणि त्या फोडतो. त्यातलं लाल द्रव्य लघवीत उतरतं, कॉफीच्या रंगाची लघवी होते. गाठी सहसा सुजत नाहीत. थायलेरियात लघवी बहुधा साधीच राहते. "लघवी लाल नाही, म्हणजे गोचीडताप नाही" हा तर्क म्हणून गायीच्या जिवावर उठतो.

डॉक्टर येण्याआधी आणि आल्यावर

ताप १०४ च्या वर आणि अंगावर गोचिडी, एवढं पुरेसं आहे. उद्यावर टाकू नका. जवळचा दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला फोन करा. डॉक्टर येईपर्यंत गाय सावलीत, पाणी समोर. मेडिकलमधून आणलेलं कसलंही प्रतिजैविक स्वतः टोचू नका.

औषधाच्या आधी रक्ताचा नमुना घ्यायला सांगा. कानाच्या शिरेतून घेतलेल्या थेंबाची पातळ काच रंगवून बघितली की तांबड्या पेशींतले परोपजीवी दिसतात. सुजलेल्या गाठीतून सुईने घेतलेला नमुना त्याहून आधीची अवस्था दाखवतो. ही तपासणी महत्त्वाची, कारण औषधं वेगळी आहेत. थायलेरियावर बुपार्वाक्वोन, मानेच्या स्नायूत. बबेसियावर डायमिनाझिन किंवा इमिडोकार्ब. डायमिनाझिन थायलेरियावर चालत नाही. तिसरा एक ॲनाप्लाझ्मा, तो परोपजीवी नसून जिवाणू आहे, त्याला ऑक्सिटेट्रासायक्लिन लागतं. अंदाजाने दिलेलं चुकीचं इंजेक्शन पैसे घेतं आणि दोन मोलाचे दिवसही.

बुपार्वाक्वोन महाग आहे आणि मात्रा गायीच्या वजनावर ठरते, म्हणून "अर्ध्यातच भागवा" असा आग्रह डॉक्टरांना करू नका. ते लवकर दिलं तर उत्तम काम करतं. उशिरा दिलं तर परोपजीवी मरतात, पण फुटून गेलेलं रक्त परत येत नाही. अशा वेळी दुसऱ्या निरोगी गायीचं रक्त चढवणं हाच उपाय उरतो आणि तशी सोय असलेल्या ठिकाणी तो खरोखर जीव वाचवतो. दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही, हेही तिथेच विचारून घ्या.

बरी झालेली गाय

ताप उतरला, दूध परत आलं, तरी थायलेरिया बहुतेक वेळा पूर्ण जात नाही. थोडे परोपजीवी रक्तात राहून जातात. गायीला त्यांचा त्रास नसतो, उलट पुन्हा तोच रोग जोरात होण्यापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. पण तुमच्या गोठ्यातल्या गोचिडीच्या प्रत्येक स्वच्छ पिलासाठी ती आता रोगाचं उगमस्थान असते. तिला विकायची गरज नाही. तिच्या अंगावर गोचीड राहू द्यायची नाही, रोजची तपासणी तिच्यापासून सुरू करायची, आणि तिला वासरांच्या शेजारी बांधायचं नाही. व्यायच्या सुमाराला अंगातली ताकद कमी होते तेव्हा आजार उलटू शकतो, त्या दोन-तीन आठवड्यांत थर्मामीटर पुन्हा रोज. म्हशींनाही हा परोपजीवी होतो, पण लक्षणं सौम्य राहतात. म्हणून एकाच छपराखाली म्हशी आणि संकरित गायी असतील तर म्हशींच्या गोचिडीही तितक्याच काळजीने काढा.

वासरांबाबत एक फरक आहे. बबेसिया लहान वासराला सहसा जोरात होत नाही, मोठ्या जनावराला होतो. थायलेरिया अशी सवलत देत नाही, संकरित वासरं त्याने महिन्या-दोन महिन्यांचीही दगावतात. थायलेरियाची कमजोर केलेल्या परोपजीवीची लस भारतात तयार झालेली आहे. ती द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते, त्यामुळे कोपऱ्यावरच्या औषध दुकानात मिळणार नाही. कालवडी वाढवायच्या असतील तर लशीच्या उपलब्धतेबद्दल आणि वयाबद्दल तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे नाव नोंदवून ठेवा, शेजारचे दोन-चार गोठे मिळून मागणी केली तर सोपं जातं. लस कुठलीही असो, प्रत्येक जनावराला नवी सुई मागून घ्या. ॲनाप्लाझ्मा गोचिडीशिवाय, नुसत्या रक्ताळलेल्या सुईनेही एका गायीतून दुसरीत जातो.